दोन वाळवंटे

वाळवंट हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. पंढरपूरचे वाळवंट म्हणजे चंद्रभागेच्या पात्रातील वाळू. तेथे कीर्तने रंगतात. असले वाळवंट मराठवाड्यातील मुलांना परके नाही. नांदेडची गोदावरी किंवा लातूरकडील मांजरा उन्हाळ्यात ओसरली, की वाळू उघडी पडते. तीत झिरा उकरला, की गार पाणी लागते.

दुसरे वाळवंट पाहावयाचे, तर राजस्थानात जावे लागते. जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरांवर सम नावाचे गाव आहे. तेथील वाळूच्या टेकड्या पाहण्यासाठी हिवाळ्यात प्रवाशांची रीघ लागते. नदीच्या वाळूत खेळलेला मुलगा मोठ्या आत्मविश्वासाने टेकडी चढू लागतो. पण दोन पावले वर जावे, तो एक पाऊल खाली घसरते! नदीत कणाभोवती पाणी असते, त्यामुळे आपटण्याचा जोर कमी होतो व कणाचे कोपरे शिल्लक राहतात. वाऱ्याने उडालेले कण मात्र थेट एकमेकांवर आदळतात आणि झिजून गोलसर होतात. म्हणूनच ही वाळू गवंड्याच्या फारशी कामाची नसते.

या टेकड्या चालतात, असे म्हटले तर नवल वाटेल. वारा ज्या बाजूने येतो, तिकडील उतार लांब व सौम्य असतो. कण उड्या घेत त्यावरून माथ्यापर्यंत येतात आणि पलीकडच्या उभ्या उतारावर पडतात. कोरडी वाळू सुमारे ३४ अंशांहून अधिक उभी राहत नाही. जास्त भर पडली, की ती घसरते. एक बाजू झिजते, दुसरी वाढते आणि सबंध टेकडी हळूहळू पुढे सरकते. तिला थोपविण्याचे काम सेवण नावाचे गवत आणि फोगाची झुडपे करतात.

प्रवाशांना उंटावर बसण्याची मोठी हौस असते. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बेसावध स्वार त्याच्या मानेवरच जातो. ही फजिती दोन घटका करमणूक करते, आणि तिने वाळवंटाचे काही बिघडत नाही. जीपगाड्या टेकड्यांवर भरधाव नेण्याच्या खेळाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. चाकांखाली गवत व झुडपे चिरडतात, आणि मुळांनी धरून ठेवलेली वाळू मोकळी होते.

याच भागात १९८० साली घोषित झालेले मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर असून ते जैसलमेर व बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. तेथील गोडावण पक्षी म्हणजेच आपला माळढोक. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळावर तो एके काळी चांगला दिसे. आता त्याची आशा मुख्यत्वे थरच्या भूमीवरच आहे. माळढोक झाडावर घरटे बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, आणि त्याचा रंग मातीत असा मिसळून जातो, की जवळून जाणाऱ्या माणसालाही ते सहसा दिसत नाही.