घरच्या कामासाठी जुना लेथ घेताना

सदाशिव पेठेतील एखाद्या जुन्या वाड्यात तळमजल्याची खोली मिळाली, तर लेथचे छोटे काम घरीच सुरू करता येते. माडीवर मात्र यंत्र चढवू नये; लाकडी तुळयांना ते वजन आणि हादरे पेलवणार नाहीत.

नव्या यंत्रासाठी व्याजाचे कर्ज काढण्यापेक्षा जुने घेऊन दुरुस्त करणे आम्हाला पसंत आहे. हरिहरचा म्हैसूर किर्लोस्कर कारखाना १९४१ साली निघाला, पुढे बंदही पडला. त्याचे लेथ अजून काम देतात. पण ताजा रंग पाहून पैसे मोजू नयेत. आम्ही कापडवाले थानाची आतली घडी उलगडून पाहतो, तशी इथेही आतली पारख हवी.

लेथचा मोठा ऐब चकजवळच्या बेडमध्ये सापडतो, कारण बहुतेक काम तिथेच होते. सॅडलच्या पट्ट्या चकपाशी बेताच्या घट्ट कराव्यात आणि सॅडल दुसऱ्या टोकाला सरकवावे. तिकडे ते अडकले, तर चकजवळचा बेड झिजलेला समजावा. तो ग्राइंड करून घेण्याचा खर्च कित्येकदा यंत्राच्या किमतीवर जातो.

वरचा गंज, पट्टा, मोटर यांची फिकीर नको. गंज रॉकेल आणि ब्रशने निघतो. थ्री फेजची मोटर बदलून घरच्या लाइनवर चालणारी बसवता येते.

मालाचा ऐब लपवणे आपल्या दीनमध्ये नाजायज आहे, म्हणून विकणाऱ्याला दोष स्पष्ट विचारावेत. तरीही सौदा करण्यापूर्वी वीतभर सळई त्याच लेथवर कातून दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजावीत. त्या वेळी हातात मोजे नकोत, बाह्या वर दुमडलेल्या असाव्यात.