आधी वायर काढायला सांगा

पाण्यावर गाडी चालते, हा दावा तपासायला प्रयोगशाळा नको. इन्सुलीचा घाट पुरे. वीस टनांचा भरलेला ट्रक शंभर मीटर उंची चढवायचा तर घर्षणाचा हिशेब न धरताही साडेपाच युनिटांच्या आसपास ऊर्जा लागते. ती आली कुठून, एवढंच विचारायचं. पाण्यातून, असं उत्तर आलं तर ते चूक आहे, कारण पाणी ही हायड्रोजन जळून झालेली राख आहे. त्या राखेचं पुन्हा इंधन करायचं तर जळताना बाहेर पडली तेवढी ऊर्जा आधी परत घालावी लागते. एक लिटर पाण्यातून १११ ग्रॅम हायड्रोजन मिळतो. तो सुटा करायला किमान ४.४ युनिट वीज जाते, प्रत्यक्षात पाच-सहा. तो इंजिनात जाळला की चाकांपर्यंत जेमतेम एक युनिट पोचतं. पाण्यातून हायड्रोजन-ऑक्सिजन सुटे करायला बॉनेटखाली बसवायच्या ‘एचएचओ किट’ला वीज देतो अल्टरनेटर, त्याला फिरवतं इंजिन आणि इंजिन चालतं टाकीतल्या डिझेलवर. मग बचत कसली?

‘पण ॲव्हरेज वाढलं ना!’ असं सांगणारे खोटं बोलत असतात असं मी मानत नाही. किटला पैसे मोजलेला माणूस ॲक्सिलेटर जपून दाबतो, टायरची हवा बघतो, सर्व्हिसिंगही करून घेतो. श्रेय मात्र किटला जातं. अशा भ्रमाला विद्वानही अपवाद नाहीत. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पारा भरलेल्या आऱ्यांचं आपोआप फिरणारं चाक वर्णिलं आहे, ते आजवर कुणाला फिरत ठेवता आलेलं नाही. आपल्या शेजारच्या कैगा अणुवीज प्रकल्पावर मोठ्या पदावर राहिलेले परमहंस तिवारी यांनी तर घातलेल्या विजेपेक्षा जास्त वीज देणाऱ्या जनित्राचा दावा केला. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण जनित्र खरोखर दुप्पट वीज देत असेल, तर त्यातली अर्धी त्यालाच परत द्यावी, बाहेरची वायर काढावी आणि ते फिरत राहिलेलं दाखवावं. मीटरच्या आकड्यांवर वाद घालता येतो, काढलेल्या वायरवर नाही. या परीक्षेत आजवर एकही यंत्र उतरलेलं नाही.

तिलारीला पाण्यावर वीज होते, २०२२ साली गडकरी हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले, मग हे का नाही, असाही प्रश्न येतो. तिलारीत वीज मिळते ती पाणी उंचावरून पडतं म्हणून, आणि ते वर नेण्याचं काम सूर्य करतो. गडकरींच्या गाडीतला हायड्रोजन आधीच तयार करून टाकीत भरलेला होता. राहिली तेल कंपन्यांनी संशोधन दडपल्याची कथा. अमेरिकेत स्टॅन्ली मेयरच्या ‘पाण्याच्या गाडी’ची तपासणी न्यायालयातच झाली, १९९६ साली ती फसवणूक ठरली आणि दोन गुंतवणूकदारांचे २५ हजार डॉलर परत करण्याचा हुकूम झाला. त्याच वर्षी तमिळनाडूत गाजलेल्या रामर पिल्लेच्या ‘वनस्पती पेट्रोल’चा खटला २०१६ मध्ये तीन वर्षांच्या शिक्षेपर्यंत पोचला. दोघांनाही दडपलं गेलं नव्हतं. उलट भरपूर प्रसिद्धी मिळाली होती.

तेव्हा किट किंवा ‘फुकट विजेचं’ यंत्र कुणी दाखवायला आणलं, तर आधी बाहेरची जोडणी तोडायला सांगा, गाडी असेल तर टाकी रिकामी करून घाट चढवायला सांगा, आणि तोवर आगाऊ रक्कम देऊ नका. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण ठिणगीनं फुटतं. ते तापलेल्या इंजिनाशेजारी बसवून घेण्याआधी विमा कंपनीला हे मान्य आहे का, तेही लेखी विचारून घ्या.