साखरेची रोजकीर्द आणि रक्तवाहिन्यांचा ताळेबंद

मी वैद्यकीय व्यवसायातील नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेबाच्या टेबलावरून रुग्णालयाच्या प्रशासनात आलेला मी एक कर्मचारी आहे. त्यामुळे वार्षिक अहवालातील आरोग्यविषयक लेख लिहिण्याचा अधिकार वास्तविक माझा नव्हे. तरीही यंदा हे काम मी विश्वस्तांकडून मागून घेतले, त्यास एक प्रसंग कारण झाला.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण वडिलांच्या बिलात सवलत मिळावी म्हणून माझ्याकडे अर्ज घेऊन आला. मधुमेहामुळे वडिलांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. अर्जासोबत त्याने एक वही माझ्यापुढे ठेवली. तीत नऊ वर्षांची उपाशीपोटीची साखर तारीखवार, सुवाच्य अक्षरांत लिहिलेली होती आणि बहुतेक आकडे आटोक्यातले होते. तो म्हणाला, "साहेब, बाबांनी हिशेब चोख ठेवला होता. गोळी कधी चुकवली नाही. मग पाय कसा गेला?" सवलत मंजूर करणे माझ्या हाती होते, उत्तर देणे नव्हते. ते उत्तर मी आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतले, काही वाचन केले आणि हा मजकूर त्यांच्याकडून तपासून घेतला. वाचकांपुढे तो नम्रपणे ठेवीत आहे.

रोजची नोंद आणि वर्षांचा घसारा

रक्तातील साखर ही रोजकीर्दीसारखी आहे. आजची नोंद आज दिसते, उद्याची उद्या. रक्तवाहिन्या ही मात्र शरीराची स्थावर मालमत्ता आहे. तिचा घसारा रोजकीर्दीत दिसत नाही, तो ताळेबंदात दिसतो.

हा घसारा कसा होतो? रक्तवाहिनीच्या आतील बाजूस पेशींचा अतिशय नाजूक अस्तर असतो. हा अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतो आणि त्यामुळे रक्तवाहिनी गरजेनुसार सैलावते. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की हे काम मंदावते. शिवाय साखर रक्तवाहिनीच्या भिंतीतील प्रथिनांना चिकटते आणि भिंत ताठर होते. डोळ्याच्या दृष्टिपटलातील, मूत्रपिंडातील आणि मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या यामुळे बिघडतात. हृदय, मेंदू आणि पाय यांच्या मोठ्या रोहिण्यांत चरबीचे थर साचतात. मात्र मोठ्या रोहिण्यांचे नुकसान एकट्या साखरेमुळे होत नाही. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचाही त्यात मोठा वाटा असतो. पायाची संवेदना गेल्यामुळे जखम कळत नाही आणि रोहिणी अरुंद झाल्यामुळे ती भरून येत नाही. पाय गमावण्याची वाट बहुधा अशीच असते.

औषधांनी काय साधते?

साखर उतरवणारे औषध रक्तवाहिन्यांचेही रक्षण करतेच, असा समज पूर्वी होता. त्याची मोठी परीक्षा ब्रिटनमध्ये झाली. ऑक्सफर्डचे डॉ. रॉबर्ट टर्नर यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात नव्याने मधुमेह झालेले ५,१०२ रुग्ण घेण्यात आले. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साखर अधिक काटेकोरपणे राखलेल्या गटात सूक्ष्म वाहिन्यांचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी घटले. हृदयविकाराच्या झटक्यांतील घट मात्र निर्विवाद म्हणण्याइतकी नव्हती. वजन जास्त असलेल्या ज्या रुग्णांना मेटफॉर्मिन ही स्वस्त गोळी दिली, त्यांच्यात मात्र झटक्यांचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. याच अभ्यासात रक्तदाब काटेकोरपणे राखल्याने पक्षाघात ४४ टक्क्यांनी घटला.

२००८ मध्ये त्याच रुग्णांचा पुढील दहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. दोन्ही गटांची साखर मधल्या काळात सारखी होऊन गेली होती, तरी आरंभी काटेकोर राहिलेल्या गटात हृदयविकाराचे झटके कमी आढळले. आरंभीच्या वर्षांतील शिस्त मुदत ठेवीसारखी पुढे व्याज देत राहिली.

दोन सावधगिरीचे धडे

म्हणून साखर जितकी उतरेल तितके चांगले, असे मानावे काय? अमेरिका आणि कॅनडातील १०,२५१ रुग्णांच्या एका अभ्यासात तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी, म्हणजे एचबीए१सी, ६ टक्क्यांखाली आणण्याचा प्रयत्न करण्यात आला. काटेकोर गटात २५७ मृत्यू झाले आणि तुलनेच्या गटात २०३. त्यामुळे फेब्रुवारी २००८ मध्ये ते उपचार थांबवावे लागले. हे रुग्ण वयस्क होते, आजार जुना होता आणि हृदयाचा धोका आधीपासून होता. अशांच्या बाबतीत घाईची काटकसर अंगाशी येऊ शकते.

दुसरा धडा रोझिग्लिटाझोन या गोळीचा. ती साखर उत्तम उतरवीत असे. परंतु २००७ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून तिने हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता वाढत असावी, असे दिसले. २०१० मध्ये युरोपातील विक्री थांबली आणि भारतातही तिच्यावर बंदी आली. पुढे अमेरिकेतील निर्बंध २०१३ मध्ये शिथिल झाले, म्हणजे तज्ज्ञांचे मतही कायम राहिले नाही. मात्र त्यातून एक नियम पुढे आला. मधुमेहाच्या नव्या औषधाने केवळ साखर उतरवून भागत नाही, हृदय व रक्तवाहिन्यांना अपाय होत नाही हेही दाखवावे, अशी अपेक्षा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ च्या अखेरीस घातली.

नवी औषधे

अपाय नाही हे दाखवण्यासाठी केलेल्या चाचण्यांतूनच उपाय हाती आला. एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी जादा साखर मूत्रावाटे बाहेर टाकते. तिच्याबरोबर थोडे मीठ व पाणीही जाते, त्यामुळे रक्तदाब किंचित उतरतो आणि मूत्रपिंडावरील ताण हलका होतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदय वा रक्तवाहिन्यांचा विकार आधीच असलेले ७,०२० रुग्ण होते. सुमारे तीन वर्षांत अशा विकाराने झालेले मृत्यू ५.९ टक्क्यांवरून ३.७ टक्क्यांवर आले. याच घटीचे वर्णन '३८ टक्के' असेही केले जाते. दोन्ही आकडे खरे आहेत, मात्र शंभर रुग्णांमागे सुमारे दोन जीव वाचले, हा हिशेब मला अधिक प्रामाणिक वाटतो.

लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड ही औषधे प्रामुख्याने इंजेक्शनच्या रूपात वापरली जातात. त्यांनी भूक व वजन घटते आणि झटका व पक्षाघात यांसारख्या घटनाही कमी होतात, असे २०१६ च्या अभ्यासांत दिसले. पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या ७९२ मधुमेहींच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. एका वर्षाच्या सेमाग्लुटाइडने त्यांचे चालण्याचे अंतर तुलनेच्या गटापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी वाढले.

प्रत्येक जमेसमोर नावेचा रकाना असतोच. मूत्रावाटे साखर टाकणाऱ्या गोळ्यांनी गुप्तांगाजवळ बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. उलट्या-जुलाबात, कडक उपवासात आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्या थांबवाव्या लागतात, आणि त्याविषयी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. याच वर्गातील कॅनाग्लिफ्लोझिनच्या २०१७ च्या अभ्यासात पायाची बोटे वा पाय कापावे लागण्याचे प्रमाण वाढलेले दिसले होते. २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात तशी वाढ आढळली नाही. तरीही पायाला जखम असल्यास ती डॉक्टरांपासून लपवू नये. सेमाग्लुटाइडने साखर वेगाने उतरते, तेव्हा आधीच बिघडलेल्या दृष्टिपटलाचा त्रास काही जणांत वाढू शकतो. म्हणून आधी डोळे तपासून घ्यावेत.

किमतीचा प्रश्न धर्मादाय रुग्णालयाला टाळता येत नाही. एम्पाग्लिफ्लोझिनचे भारतातील पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले, अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि दर पुष्कळ उतरले. जे औषध कालपर्यंत आपल्या गरीब रुग्णांच्या आवाक्याबाहेर होते, ते आज निधीतून देण्याचा विचार करता येतो. मात्र सर्वांना तेच हवे असेही नाही. मेटफॉर्मिन, रक्तदाबाची गोळी आणि कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन ही स्वस्त औषधे नियमित घेतली, तरी रक्तवाहिन्यांचे मोठे रक्षण होते.

वहीत राहिलेले रकाने

त्या तरुणाची वही मी पुन्हा डोळ्यांसमोर आणली, तेव्हा तिच्यातील उणीव लक्षात आली. तीत उपाशीपोटीची साखर होती. जेवणानंतरची नव्हती, एचबीए१सी नव्हती. रक्तदाब नव्हता, कोलेस्टेरॉल नव्हते, लघवीतील प्रथिनाची तपासणी नव्हती. डोळे आणि पाय कधी तपासले, याची एकही नोंद नव्हती. वडील दिवसाला विडीचे एक बंडल ओढीत, हेही मागाहून कळले. एकच खाते चोख लिहिले होते, बाकीची खाती उघडलीच नव्हती. दोष त्या गृहस्थांचा नव्हे. बाकीचे रकाने आखून देणे हे आम्हा रुग्णालयांचे काम होते.

म्हणून यंदापासून आपल्या मधुमेह विभागात प्रत्येक रुग्णाला छापील वही देण्यात येत आहे. तीत साखरेबरोबर वरील सर्व रकाने आहेत आणि शेवटचा रकाना 'आज पाय पाहिले' असा आहे. देणगीदारांनी या वह्यांचा खर्च उचलल्यास विश्वस्त मंडळ ऋणी राहील.

वाचकांना एवढीच विनंती, की साखर उतरली म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि शेजाऱ्याला लागू पडली म्हणून घेऊही नये. पुढच्या भेटीत डॉक्टरांना 'माझी साखर किती?' या प्रश्नासोबत आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा, 'माझे हृदय, मूत्रपिंड, डोळे आणि पाय यांसाठी हे औषध योग्य आहे ना?' त्या तरुणाला मी उत्तर कळवले आहे. आता तो स्वतःची साखर तपासून घेतो, आणि त्याच्या वहीत सर्व रकाने आहेत.