घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा



रामनवमीला आपण दुपारी बारा वाजता रामजन्माचा पाळणा म्हणतो. पण त्या वेळी उज्जैनचा सूर्य दिवसातल्या सर्वांत उंच जागी पोहोचलेला नसतो. त्याला अजून जवळजवळ अर्धा तास हवा असतो. मग चूक कोणाची, घड्याळाची की सूर्याची?

चूक कोणाचीच नाही. आपली घड्याळे भारतीय प्रमाणवेळ दाखवतात. ती १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली आणि ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरून ठरते. उज्जैन सुमारे ७५.८ अंशांवर आहे. एक अंश फिरायला पृथ्वीला ४ मिनिटे लागतात. अंतर ६.७ अंशांचे, म्हणून आपली दुपार सरासरी २७ मिनिटे उशिरा होते. मुंबईत हाच फरक सुमारे ३९ मिनिटांचा आणि नागपुरात सुमारे १४ मिनिटांचा आहे. ऋतूप्रमाणे त्यात थोडी कमीजास्त होते. उज्जैनला नोव्हेंबरच्या सुरुवातीस खरी दुपार १२ वाजून ११ मिनिटांच्या सुमारास होते, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ४१ मिनिटांच्या सुमारास.

हा हिशेब आपल्या गावाला नवा नाही. प्राचीन भारतीय ज्योतिषात मध्यरेषा उज्जैनवरूनच मानली जात असे. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने येथे वेधशाळा बांधली. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. तेथील सम्राट यंत्र सावलीवरून उज्जैनची स्वतःची वेळ दाखवते. तीत योग्य तेवढी मिनिटे मिळवली की आपल्या मनगटावरची वेळ येते.

आता याचा घरात उपयोग काय, ते पाहू.

१. वाळवण : एप्रिल-मे महिन्यांत सूर्य साडेबाराच्या आतबाहेर सर्वांत उंच असतो. कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या सकाळीच गच्चीवर घाला, म्हणजे दुपारच्या आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही ऊन मिळते. उडदाचे पापड मात्र सावलीत वाळवा. कडक उन्हात ते वाकडे होतात. वाळलेले पदार्थ पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरले तर आत वाफ धरते आणि बुरशी येते.

२. सोलर कुकर : दहा ते दोन असे न धरता साडेदहा ते अडीच धरा. काळी भांडी वापरा, पाणी बेताचे घाला आणि मधूनमधून पेटी सूर्याकडे वळवा.

३. सोलर पॅनेल : तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण २३ अंशांचा ठेवतात, कारण उज्जैनचा अक्षांश तेवढाच आहे. पाण्याची टाकी किंवा शेजारची भिंत सावली टाकते का, हे पाहायचे असेल तर साडेबारालाच नाही, सकाळी नऊला आणि दुपारी चारलाही पाहा.

४. संकष्टीचा उपास : भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली चंद्रोदयाची वेळ कोणत्या गावची आहे, ते आधी वाचा. ती मुंबईची असेल, तर उज्जैनला चंद्र सरासरी बारा मिनिटे आधी उगवतो. आजीला उगाच ताटकळत ठेवू नका!

५. उन्हातले काम : सूर्य साडेबाराला सर्वांत उंच असला, तरी हवा सर्वांत जास्त तापते ती तीन-चारच्या सुमारास, कारण जमीन तोवर उष्णता साठवतच असते. म्हणून "बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल" असे समजून मे महिन्यात दोन वाजता बाहेर पडू नका. बाहेरची कामे अकराच्या आत किंवा पाचनंतर करा. उन्हात कोणाचे अंग फार तापले आणि तो असंबद्ध बोलू लागला, तर त्याला लगेच सावलीत आणा, अंगावर गार पाणी घाला, वारा घाला आणि उशीर न करता डॉक्टरांना बोलवा.

करून पाहा : गच्चीवर सपाट जागी एक काठी सरळ उभी करा. साडेदहाला तिच्या सावलीच्या टोकातून जाणारे वर्तुळ काठीभोवती खडूने काढा. टोक जिथे वर्तुळाला टेकले आहे, तिथे खूण करा. सावली आधी आखडेल, मग वाढेल. दुपारी टोक पुन्हा वर्तुळाला टेकले की दुसरी खूण करून वेळ लिहा. दोन्ही वेळांच्या बरोबर मध्ये उज्जैनची खरी दुपार असते. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. सूर्याकडे मात्र थेट पाहू नका, सावलीकडेच पाहा.

हा प्रयोग महिन्यातून एकदा करा आणि तारखेसह वहीत नोंदवा. वर्षअखेर बारा नोंदी होतील. त्या सारख्या नसतील. का नसतील, याचे उत्तर वर्गात सरांना विचारा.