आजचं चिंतन : सुख मोठं की ज्ञान? (गीता, अध्याय १८, श्लोक ३६ ते ३९)



आज अठराव्या अध्यायातले ३६ ते ३९ हे चार श्लोक वाचले. वाचले म्हणतो खरं, पण ऐकले. त्याचं कारण पुढे सांगतोच.

या श्लोकांत भगवंतांनी सुखाच्या तीन जाती सांगितल्यात. पहिलं सात्त्विक. ते आधी विषासारखं कडू लागतं, अभ्यासाने त्यात मन रमत जातं आणि शेवटी त्याचं अमृत होतं. बुद्धी निवळली की ते येतं. दुसरं राजस, त्याचा क्रम बरोबर उलटा : आधी गोड, मागून विष. तिसरं तामस, म्हणजे झोपेतलं, आळसातलं, बेफिकिरीतलं. ते आधीही भुलवतं आणि शेवटीही.

माणसाने जगावं कशासाठी, सुखासाठी की ज्ञानासाठी, हा वाद फार जुना आहे. कठोपनिषदात यमाने नचिकेतापुढे नातवंडं, हत्ती-घोडे, सोनं, गाणं-बजावणं सगळं मांडलं. पोराने ते जसंच्या तसं परत केलं. इंद्रियांचं तेज झिजवणारी वस्तू मला नको म्हणाला. तिथे वाटतं, निकाल लागला, ज्ञान जिंकलं. गीता मात्र असं तोडून बोलत नाही. निर्मळ बुद्धीतून जे येतं त्यालाही ती सुखच म्हणते. मग आपलं सुख कोणत्या जातीचं हे ओळखायचं कसं? तर शेवटी त्याचं काय होतं ते बघायचं.

ही कसोटी मी शाळेत असताना पोरांना सांगितली, निवृत्तीनंतर सप्त्यात सांगितली, खंडेश्वराच्या देवळात बसून सांगितली. मागच्या महिन्यात ती माझ्यावरच येऊन पडली.

अमरावतीला डोळे दाखवायला गेलो होतो. मला वाटलं मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करू, मोकळं होऊ. निघाला काचबिंदू. डॉक्टरांनी समजावलं की यात डोळ्याच्या मागची नस सुकत जाते, गेलेली नजर परत येत नाही, थेंब टाकून उरलेली राखायची. उजव्या डोळ्याने बारीक अक्षर आता दिसतच नाही. डाव्याने दहा मिनिटं वाचलं की ओळी एकमेकींत शिरतात.

एसटीत बसलो तेव्हा मनात पहिला विचार काय आला असेल? देवाचा नाही. माझ्या कपाटाचा. चाळीस वर्षांत जमवलेल्या पोथ्या, टीका, समासात लाल पेनाने काढलेल्या खुणा. आता हे सगळं गेलं, असं वाटून बडनेऱ्यापर्यंत तोंडातून शब्द निघाला नाही. घरी येऊनही आठ दिवस मी धड बोललो नाही. नातीने टीव्ही लावला तरी चिडायचो.

आणि मग रात्री जागेपणी लक्षात आलं. मी ज्याला ज्ञान म्हणत होतो ते पुष्कळसं सुखच होतं, आणि तेही दुसऱ्या जातीचं! पहाटे चहाच्या कपाबरोबर पुस्तक उघडायचं, इतरांना न सुचलेला ओवीचा अर्थ काढायचा, तो सप्त्यात सांगायचा आणि लोकांनी "वा सर" म्हणायचं. आरंभी अमृत. डोळे गेले आणि त्याचं विष झालं. गीतेच्या मापाने मोजलं तर उत्तर लपत नाही. हे लिहायला जड जातंय, पण इथे रोज दुसऱ्यांना सांगतो, तर हेही सांगायला हवं.

तेव्हा गुलाबराव महाराज आठवले. आपल्याच अमरावती जिल्ह्यात लोणी टाकळीला १८८१ साली जन्मले, माधानचे म्हणून ओळखले गेले. वर्षाचेही नव्हते तेव्हा दृष्टी गेली. अक्षर कधी पाहिलंच नाही. लोकांकडून ग्रंथ वाचून घेत, ऐकलेलं धरून ठेवत आणि पुढे सांगून लिहवून घेत. अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभरावर लहानमोठे ग्रंथ झाले. १९१५ साली गेले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. मी हा शब्द भाषणात किती वेळा वापरला असेन! पण दुसऱ्याने वाचेपर्यंत थांबून राहणं म्हणजे काय, याचा विचार कधी केला नव्हता.

त्यांच्या विचाराला नाव आहे मधुराद्वैत. अद्वैत म्हणजे ज्ञानाचं टोक. तिथे दुसरं कोणी उरतच नाही. तरी भक्तीतली गोडी त्यांनी सोडली नाही. स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवलं, कृष्णपत्नीच्या भावाने गळ्यात मंगळसूत्र घातलं. कोरडं ज्ञान त्यांना पुरेसं वाटलं नाही, हे उघड आहे.

तिकडे ग्रीसमध्ये प्लेटोनेही 'फिलीबस' नावाच्या संवादात हाच वाद घेतलाय. सॉक्रेटिस विचारतो, जन्मभर सगळी सुखं दिली पण आठवण आणि समज काढून घेतली तर? कालचं सुख आठवणार नाही, आज सुखात आहोत हेही कळणार नाही. ते शिंपल्यातल्या जिवाचं जगणं. आणि नुसतीच समज, सुखदुःखाचा स्पर्शही नाही, असं जगणंही कोणी मागून घेत नाही. शेवटी तो सुखाला मधाचा झरा म्हणतो, समजेला स्वच्छ पाण्याचा, आणि दोन्ही मिसळायला घेतो. मध कोणता घालायचा ते मात्र पारखून. महाराजांच्या 'मधुर' शब्दाशेजारी मला हा मध ठेवावासा वाटतो, पंडितांनी रागावू नये.

बरं, घरातली गोष्ट. नवव्या दिवशी आमच्या सौ. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "डोये अधू झाले, कान तं शाबूत हायेत ना? पोरीले वाचाले लावा."

नात सातवीत आहे. तिने ज्ञानेश्वरी उघडली आणि पहिल्याच ओवीत तीनदा अडखळली. मला तिसऱ्या शब्दालाच पुढचं सगळं पाठ येत होतं. जीव नुसता तडफडत होता. पहिले चार दिवस विषच म्हणा. मी टोकायचो, ती रुसायची.

पण डोळ्यांनी वाचताना मी पुढे पळायचो. आता पळता येत नाही. ती जिथे थांबते तिथे मलाही थांबावं लागतं. आज तामस सुखाचा श्लोक झाल्यावर तिने पुस्तक मिटलं आणि विचारलं, "आबाजी, मी रविवारी नऊ वाजेपर्यंत झोपतो, ते तामस हाय का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पूर्वी असतो तर वीस मिनिटं बोललो असतो. विचारलं, "उठल्यावर तुला कसं वाटते?" ती बराच वेळ विचार करत बसली. मग म्हणाली, "कधी चांगलं वाटते, कधी डोकं जड होते." आम्ही दोघं हसलो. चहा गार झाला होता.

हे अमृत आहे का, माहीत नाही. कपाटाकडे पाहिलं की अजून गलबलतं, आणि डाव्या डोळ्याचे थेंब चुकले तर भीती वाटते. पण आज सकाळचा तो अर्धा तास संपू नये असं वाटलं, आणि त्यात माझा अर्थ ऐकायला कोणीच नव्हतं.

हेही मी बोलतोय आणि तीच टाइप करतेय. तिची चाचणी सुरू होतेय, म्हणून पुढचा आठवडाभर वाचन सकाळऐवजी दिवेलागणीला. उद्या ४० वा श्लोक.

राम कृष्ण हरी.