पहिला इंटरप्रिटर कोणत्या भाषेचा?

प्रश्न : मला पायथॉन बऱ्यापैकी येते. एखाद्या जुन्या भाषेचा छोटा इंटरप्रिटर स्वतः लिहायचा आहे. फोर्ट्रान घेऊ का?

उत्तर : फोर्ट्रान नको. जुन्या फोर्ट्रानमध्ये शब्दांमधल्या मोकळ्या जागेला अर्थच नसतो. सुरुवातीलाच दमछाक होईल. ‘टायनी बेसिक’ घ्या. 1975 मध्ये डेनिस ॲलिसन यांनी तिचा आराखडा मांडला, तो अवघ्या दोन-तीन किलोबाइट मेमरीसाठी. चलं ए ते झेड, म्हणजे 26. संख्या फक्त पूर्णांक.

ओळी क्रमांकानुसार डिक्शनरीत ठेवा. ‘गोटू’ म्हणजे चालू ओळ बदलणं, ‘गोसब’ म्हणजे परतीची ओळ स्टॅकवर ठेवणं, झालं. खरी मजा गणिती पदावलीत आहे. बेरीज-वजाबाकीचं फंक्शन गुणाकार-भागाकाराच्या फंक्शनला बोलावतं, ते संख्या वाचणाऱ्या तिसऱ्याला. आणि कंस दिसला की तिसरं पुन्हा पहिल्याकडे धावतं. इथे पायथॉनचं तयार ‘इव्हॅल’ वापरलंत, तर शिकायला उरलं काय? भागाकार मात्र जपून करा: पूर्णांक भागाकारात −7 ला 2 ने भागलं की पायथॉन −4 देतो, टायनी बेसिकला −3 हवं.

आधी प्रिंट, लेट, इफ आणि गोटू एवढंच चालवा. ली-चेन वांग यांनी 1976 मध्ये 8080 प्रोसेसरसाठी लिहिलेला टायनी बेसिक त्यानंतरच वाचा.