वाचा गेली, जाणीव नव्हे

बोलणे ही क्रिया आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्यामागे मेंदू, श्वास, स्वरयंत्र व जीभ यांचे केवढे सहकार्य आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. पक्षाघाताच्या झटक्याने घरातील कर्त्या माणसाची वाचा जाते, तेव्हा मात्र तो करणे भाग पडते. अशा वेळी आप्तेष्ट सहज म्हणून जातात, “आता त्यांना काही कळत नाही.” मग घरातले निर्णय त्यांना न विचारताच होऊ लागतात. हा समज पुष्कळदा चुकीचा असतो. तो दूर करणे हे वाचोपचारतज्ज्ञाचे एक महत्त्वाचे काम होय.

मेंदूच्या इजेमुळे भाषेची शक्ती क्षीण होणे म्हणजे वाचाघात किंवा अ‍ॅफेजिया. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. हा रुग्ण अनेक वर्षे ‘टॅन’ एवढाच उच्चार करी. इतरांचे बोलणे मात्र त्याला बरेचसे समजे. त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्धाच्या पुढील भागात इजा आढळली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने निराळा प्रकार वर्णिला. त्यात रुग्ण अस्खलित बोलतो. पण बोलण्यात अर्थ राहत नाही व दुसऱ्याचे बोलणेही नीट उमगत नाही.

म्हणून उपचारापूर्वी तपासणी हवी. वस्तूंची नावे विचारणे, सूचना देणे, वाक्ये म्हणवून घेणे, वाचन व लेखन पाहणे अशी ही तपासणी असते. “बोलता येत नाही तर लिहून का सांगत नाहीत?” असे विचारले जाते. पण वाचाघातात बहुधा लेखनही बिघडते. शिवाय डाव्या मेंदूच्या इजेने उजवा हात लुळा पडलेला असू शकतो.

भाषेच्या विद्यार्थ्यांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट येथे दिसते. ‘मुलाने मुलीला हाक मारली’ आणि ‘मुलाला मुलीने हाक मारली’ यांत शब्दक्रम तोच आहे; फक्त प्रत्ययांनी अर्थ फिरतो. शब्द ओळखणारा रुग्णही अशा ठिकाणी अडखळू शकतो.

उपचारात शब्दाचा पहिला ध्वनी सुचवला जातो. अंक, वार, पाठ असलेले श्लोक यांचा आधार घेतला जातो. काहींना शब्द बोलता येत नाहीत, पण गाता येतात. यावर आधारलेली सुरावटीची उपचारपद्धती अमेरिकेत १९७३ मध्ये मांडली गेली. वाचा पुरेशी परतलीच नाही तर चित्रफलक, खुणा यांनी संवाद साधता येतो. घरच्यांनाही शिकवावे लागते: वाक्य लहान ठेवा, एका वेळी एकच गोष्ट विचारा, उत्तरासाठी थांबा, ओरडू नका, रुग्ण बहिरा झालेला नाही.

आपल्याकडे या विषयाचे शिक्षण म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्थेत (स्थापना १९६५) व मुंबईच्या अली यावर जंग संस्थेत (स्थापना १९८३) मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचाघातामुळे येणारे कायमचे वाचा व भाषा दिव्यांगत्व मान्य केले आहे. परंतु कायद्याने मान्य केलेली व्यक्ती घरातही मान्य व्हावयास हवी. तिच्या उत्तरासाठी आपण थोडे थांबलो, तर तिचे मत अजून शाबूत असल्याचे आपल्या ध्यानात येईल.